खारजुव्याचं मतदान केंद्र

कुबरा नाखवा आणि मी गेली अकरा वर्षं अमिरातीतल्या फुजैऱ्यात एकाच ऑफिसात समोरासमोरच्या टेबलांवर बसतो. आमची कंपनी समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना इंधन पुरवते. तेल घेऊन बार्ज जाते, आणि त्या तेलाचे कागद कुबरा करते. किती टन, कुठल्या प्रतीचं, किती वाजता सुरू केलं, कोणाची सही, कोणाचा शिक्का. एक सही राहिली तरी ती जहाजाचे कागद पुढे सोडत नाही. कॅप्टन फोनवर ओरडतात, एजंट घाई करत, 'यल्ला, यल्ला' म्हणत दारात उभे राहतात. कुबरा आवाज न चढवता म्हणते, "कॅप्टन, साइन फर्स्ट." थोड्या वेळाने सही येते.

मी इसाबेल, वसईची. कंपनीतल्या लोकांचे व्हिसे, पासपोर्ट आणि रजा मी बघते.

कुबरा खारजुव्याची. कोकणातल्या एका खाडीच्या मधोमध असलेलं हे बेट. साठ-पासष्ट घरं, एक मशीद, चौथीपर्यंतची उर्दू शाळा, थोडे माड आणि उरलेली सगळी खारफुटी. निम्म्याहून जास्त पुरुष गल्फमध्ये. घरी बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं.

२०२४च्या मे महिन्यात लोकसभेचं मतदान झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात आले तर कुबराच्या स्क्रीनवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडलेलं. ते तिचं रोजचंच काम. पण वरचं नाव फुजैऱ्याचं नव्हतं, कोकणातल्या एका बंदराचं होतं.

"हे कुठलं जहाज गं?" मी विचारलं.

"अम्मीची होडी," ती म्हणाली.

तिची आई मैमुनाबी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. लग्न होऊन खारजुव्यात आल्यापासून तिने एकही निवडणूक चुकवली नव्हती. पूर्वी मतदान बेटावरच, उर्दू शाळेत व्हायचं. मग कधीतरी बेटावरचे मतदार फार थोडे आहेत म्हणून ते केंद्र बंद करून उत्तरेच्या काठावरच्या मोठ्या गावात मिसळलं. तेव्हापासून मत द्यायचं तर होडीने खाडी ओलांडायची आणि पुढे तीन किलोमीटर चालायचं. त्या दिवशी सकाळी ओहोटी होती, नऊपर्यंत होड्या हलल्या नाहीत. मग ऊन चढलं. मैमुनाबी दुपारी तीन वाजता तीन शेजारणींना घेऊन निघाली, तेव्हा पाणी पुन्हा उतरायला लागलं होतं. निम्म्या वाटेत होडी चिखलात बसली. उतरून चालावं तर गाळ मांडीपर्यंत. चौघी बायका तशाच होडीत बसून राहिल्या. साडेसातला पाणी चढलं आणि होडी सुटली. मतदान सहाला संपलं होतं.

"फोनवर रडलीबिडली नाही ती," कुबरा म्हणाली. "फक्त विचारलं, 'मना आता माणसांत धरत नाय का काय गो?'"

मी म्हटलं, "अगं, म्हाताऱ्या माणसांचं मत घरी येऊन घेतात ना हल्ली?"

"पंच्याऐंशीच्या पुढे. अम्मीला अजून सात वर्षं थांबावं लागेल."

मला वाटलं, ही दोन दिवस चिडचिड करेल आणि मग खलास. इथे बसून गावाबद्दल आम्ही सगळे तेच करतो. पण कुबरा चिडलेली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी मोबाईल टेकवून ती निवडणुकीचे नियम वाचायला लागली. कुठला कागद कोणाकडे जातो, कधीपर्यंत जायला हवा, कोणाची सही लागते. तिला जे येतं तेच तिने केलं.

आठवड्याभराने तिने माझ्यासमोर वही ठेवली. मतदार याद्या नव्याने करायच्या आधी मतदान केंद्रांची यादीही तपासली जाते. तिचा मसुदा लावतात, लोकांच्या हरकती-सूचना घेतात. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये, मध्ये नदी, खाडी असा अडथळा नसावा, आणि असा अडथळा असेल तर मतदार थोडे असले तरी वेगळं केंद्र देता येतं.

"हे सगळं तुमच्याच बाजूने आहे," मी म्हटलं.

"हो. पण कोणी मागितलंच नाही. बेटावरून मागणार कोण आणि कोणाकडे?"

मग तिने मला खारजुव्याचं दुखणं सांगितलं. पूर्वी खाडीचे दोन्ही काठ विधानसभेच्या एकाच मतदारसंघात होते. मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या तेव्हा खाडी हीच सीमा झाली. उत्तरेचा काठ एका मतदारसंघात, दक्षिणेचा दुसऱ्यात. बेट सरकारी दप्तरात उत्तरेचं, म्हणून मत उत्तरेला. पण बाजार, दवाखाना, मोठी शाळा सगळं दक्षिणेला. बेटावरचा धक्का पंधरा वर्षांपासून मोडलेला. उत्तरेच्या आमदाराकडे गेलं तर तो म्हणणार, तुमची जा-ये सगळी दक्षिणेला, त्यांना सांगा. दक्षिणेचा म्हणणार, तुम्ही माझे मतदारच नाही. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं.

"आणि बेटावर मतदारही थोडे," कुबरा म्हणाली. "यादीत आता एकशे शहाऐंशी उरलेत. गल्फला गेलेल्यांची नावं कधीच कमी झाली. ती परत घालायला हवीत."

"घालता येतात?"

"येतात. परदेशात राहणाऱ्यांसाठी वेगळा फॉर्म आहे. सहा-अ."

मला ते माहीत नव्हतं. रोज शंभर पासपोर्ट हाताळणाऱ्या मला.

बकरी ईदनंतरच्या रविवारी खारजुव्याच्या लोकांचं दरवर्षी दुबईत जेवण असतं. ऊद मेथातल्या एका रेस्टॉरंटचा वरचा हॉल घेतात. त्या वर्षी कुबरा मलाही घेऊन गेली. तिचा नवरा अबरार गाडी चालवत होता, मागे माझ्याशेजारी तिची सोळा वर्षांची मुलगी झारा कानात इअरफोन घालून. डोंगर ओलांडून दुबईकडे उतरेपर्यंत कुबरा काय बोलायचं ते पुटपुटत होती. झाराने एक इअरफोन काढला. "मॉम, जस्ट टॉक नॉर्मली. यू आर स्केअरिंग मी."

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. बिर्याणी झाली, सांदणं झाली, आणि कुबरा उभी राहिली. तिने मे महिन्यात होडी अडकली ती हकिकत सांगितली. कोणाचं नाव घेतलं नाही. मग फॉर्म कसा भरायचा ते सांगितलं. प्रश्न सुरू झाले.

"नाव घातलं तर रेशन कार्ड जातं म्हणे?"

"नाही जात."

"इथल्या सरकारला चालेल का?"

"आपण इथे कोणाचा प्रचार करत नाही. कोणाला मत द्या म्हणत नाही. आपल्या देशाच्या यादीत आपलं नाव घालतोय, तेही ऑनलाइन."

"आणि मत इथूनच देता येतं?"

"नाही," कुबरा म्हणाली. "त्यासाठी गावी जावं लागतं. ओरिजिनल पासपोर्ट घेऊन."

मागून कोणीतरी हसलं. "तिकीट आठशे दिरहम. म्हणजे अठरा हजार रुपये झाले. एका मताला!"

हसणं पसरायला लागलं, तेवढ्यात हमदुल्लाचाचांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले. हमदुल्लाचाचा चौसष्ट वर्षांचे, शारजात त्यांचं टायरचं दुकान. बेटावरून कोणीही नवा आला की पहिले पंधरा दिवस त्यांच्याकडे राहायचा. हॉलमधल्या निम्म्या लोकांना त्यांनीच कामाला लावलेलं.

"पोरी, तुझी मेहनत मला दिसते," ते म्हणाले. "पण तू पुढचं बघितलं नाहीस. आज आपली मतं काठावरच्या अकराशे मतांत मिसळतात. कोणी कोणाला दिलं ते अल्लाला माहीत. उद्या शाळेत वेगळं केंद्र आलं की निकालाच्या कागदावर छापून येणार. खारजुवे, याला इतकी, त्याला इतकी. हरला तो पाच वर्षं लक्षात ठेवील. जिंकला तो म्हणेल, तुमच्यावाचून जिंकलो. तू फुजैऱ्यात, मी शारजात. तिथे राहतात बायका आणि म्हातारी माणसं. त्रास कोणाला?"

खरं सांगते, मला त्यांचं पटलं. हॉलमध्ये बहुतेकांना पटलेलं दिसत होतं. कुबराने समोरची पाण्याची बाटली उचलली, तशीच खाली ठेवली.

"चाचा, तुम्ही म्हणालात त्यातलं काही खोटं नाही," ती म्हणाली. "तसं होईलही. पण मोजलं जायचं नसेल तर मग मागायचंही नाही. आज धक्का मागितला की दोन्ही आमदार दुसऱ्याकडे बोट दाखवतात, कारण आपण कोणाच्याच हिशेबात नाही. माझ्या अम्मीला चार तास चिखलात बसून कळलं ते. मला तरी मोजलं गेलेलं चालेल."

"तुला चालेल. तू तिथे राहत नाहीस."

"म्हणून तर मी आधी अम्मीला विचारलं," कुबरा म्हणाली आणि खाली बसली.

त्या दिवशी चाळीस जणांत तीनच फॉर्म भरले गेले. परतताना डोंगरात गाडी वळणं घेत होती. कुबरा पुढच्या सीटवरून म्हणाली, "त्या होडीत चौथी कोण होती माहितीय? बिलकीसमामी. हमदुल्लाचाचांची बायको."

मी उडालेच. "मग तिथे सांगितलं का नाहीस? एका वाक्यात जिंकली असतीस."

"तिने त्यांना सांगितलेलं नाही. ती तिची गोष्ट आहे. चाळीस माणसांत मी कशी सांगू?"

सोमवारी ऑफिसात कुबराने स्वतःचा फॉर्म भरायला घेतला. मी समोर चहा पीत होते. नाव, जन्मतारीख, मतदारसंघ. मग पत्ता. फॉर्ममध्ये पासपोर्टवरचाच भारतातला पत्ता टाकायचा असतो आणि नाव त्याच मतदारसंघात लागतं. तिने पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं आणि ती थांबली. मी उठून मागे जाऊन बघितलं. पानावर मुंब्र्यातल्या एका इमारतीचा फ्लॅट नंबर होता. अबरारच्या आईवडिलांचा. लग्नानंतर पासपोर्ट बदलला तेव्हा तो टाकलेला.

"इसाबेल," ती म्हणाली, "मी खारजुव्याची मतदार होऊ शकत नाही."

पत्ता बदलता येतो, पण कागदपत्रं जमवून, पडताळणी होऊन नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत यादीची मुदत उलटणार हे मला पक्कं माहीत होतं. माझं कामच ते. तिला खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी अबरारने ऐकलं आणि तो ओशाळला. "मीच टाकला होता तो पत्ता. तेव्हा सुचलंच नाही. असं कर, मुंब्र्याला नाव घाल ना, तिथे मत दे."

"मतदान एकाच दिवशी असेल. त्या दिवशी मला खारजुव्यात असायचंय," कुबरा म्हणाली. एवढंच. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पुन्हा लोकांचे फॉर्म घेऊन बसली आणि मला पहिल्यांदा कळलं की ही बाई आता थांबणार नाही.

तिने बेटावरच्या केंद्रासाठी तालुक्याच्या निवडणूक शाखेत फोन लावला. तिकडचे साहेब बोलायला चांगले होते. म्हणाले, "मॅडम, अर्ज जरूर करा. पण तुम्ही आमच्या यादीत नाही. अर्ज इथल्या मतदारांचा येऊ दे. आणि मराठीत."

मराठीत! कुबरा बोलते फर्डं मराठी, पण तिचं शिक्षण उर्दूत. ती उर्दू लिहिते, इंग्रजी लिहिते. मराठी अर्ज लिहायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. वसईच्या मराठी शाळेत शिकलेली मी समोर बसलेली. तीन दुपारी आम्ही तो अर्ज लिहिला. मी सुरुवातीला बरंच 'सविनय' आणि 'कृपाळू' घातलं होतं. कुबराने ते काढायला लावलं. "आपण उपकार मागत नाहीय. काय आहे ते लिही."

तर काय आहे ते लिहिलं. बेट कुठे आहे, काठ किती लांब, होड्या किती. सोबत तिने वर्षभराचं भरतीचं वेळापत्रक जोडलं आणि त्यात मतदानाच्या वेळेत किती दिवस होडी चालूच शकत नाही ते पिवळ्या शाईने रंगवलं. खाली पहिली सही मैमुनाबी नाखवा यांची. झाराने पीडीएफ करून गावी पाठवली, तिथे छापून मैमुनाबी काठी टेकत घरोघर फिरली. चार दिवसांत चौऱ्याण्णव सह्या झाल्या.

दरम्यान एका दुपारी हमदुल्लाचाचांचा फोन आला. कुबराने स्पीकरवर ठेवला, कारण तिचे हात कामात होते.

"बिलकीसने काल सांगितलं," ते म्हणाले.

कुबराने हातातलं पेन ठेवलं.

"बेटावर फोन आला त्याला सव्वीस वर्षं झाली, तेव्हापासून मी रोज फोन करतो. रोज विचारतो, सगळं बरं? रोज म्हणते, बरं. त्या दिवशीही म्हणाली, बरं. आणि तू ऊद मेथाला उभी होतीस, तुला ठाऊक होतं."

"हो, चाचा."

"मी म्हणालो ते मला अजूनही बरोबर वाटतं. त्रास होणारच आहे. पण तो सोसायचा की नाही हे तिनं ठरवावं, मी नाही. माझा फॉर्म कसा भरायचा?"

त्यानंतर शारजाकडून फॉर्म यायला लागले. एकूण चौदा झाले. त्यातले तीन पत्त्यांमुळे गळले, कुबरासारखेच. बाकीच्या अकरांच्या घरी गावचे मतदान कर्मचारी जाऊन चौकशी करून आले आणि अकरा नावं लागली.

जुलैत तालुक्याचे साहेब बेटाची पाहणी करायला आले. त्यांनी मैमुनाबीलाच फोन करून विचारलं होतं, होडी कधी सोयीची. तिने सांगितलं, दुपारी तीनला या. पावसाची उघडीप होती. साहेब, एक कारकून आणि नकाशाची गुंडाळी, असे तिघे होडीत बसले आणि त्याच जागी होडी चिखलाला लागली. पन्नास मिनिटं. काठावरून कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला. साहेब छत्री धरून बसलेले, चेहरा शांत.

कुबराने फोटो बघितला आणि आईला फोन लावला. "अम्मी, तीनची वेळ तू मुद्दाम दिलीस?"

"मी कशाला मुद्दाम देऊ?" मैमुनाबी म्हणाली. "मी तीनलाच गेली होती. तांना त्याच वेळेला बघू दे म्हटलं."

साहेब उतरल्यावर रागावले नाहीत. शाळेची खोली बघितली, दरवाजा मोजला, वीज आहे का विचारलं, मैमुनाबीकडे चहा प्यायले. जाताना एवढंच म्हणाले, "आजी, कागदावर ही खाडी फार लहान दिसते."

ऑगस्टच्या शेवटी मतदान केंद्रांची यादी आली. आम्ही दोघी कामात होतो. झाराने घरून फोन केला, पहिल्यांदाच मेसेज न करता फोन. "मॉम, इट्स देअर! पेज फोर्टी-वन. जिल्हा परिषद उर्दू शाळा, खारजुवे, रूम नंबर वन." मराठी नावं ती अडखळत वाचत होती. कुबरा म्हणाली, "परत वाच." झाराने परत वाचलं. कुबराने तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि मग खुर्ची मागे सारून ती बाल्कनीत गेली. बाहेर समुद्रात वीस-बावीस जहाजं उभी होती. ती काय विचार करत होती ते मी विचारलं नाही. आत आली तेव्हा डोळे पुसलेले होते. आल्या आल्या म्हणाली, "रजेचा फॉर्म दे. नोव्हेंबरमध्ये चार दिवस."

वीस नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. पुढचं सगळं मी तिच्याकडून ऐकलेलं.

आदल्या दिवशी दुपारी भरतीच्या पाण्याने दोन होड्या आल्या. एकीत मतदान यंत्रं आणि कर्मचारी, दुसरीत पोलीस. होडी मोडक्या धक्क्याला लागली तेव्हा यंत्राच्या पेट्या पाण्यात पडू नयेत म्हणून बेटावरच्या सहा बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून हातांची साखळी करून होडी धरत होत्या. पेट्यांना मात्र कर्मचाऱ्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. त्यांचं बरोबरच होतं. मैमुनाबीच्या घरून त्यांना भाकरी आणि कालवण गेलं, पण ते म्हणाले, आम्हाला मतदाराकडचं खाता येत नाही, डबे आणलेत. मैमुनाबी जरा हिरमुसली.

सकाळी सातला दार उघडलं तेव्हा रांगेत पहिली मैमुनाबी होती, दुसरी बिलकीस. घरापासून शाळा दोनशे पावलं. कुबरा आईचा हात धरून फाटकापर्यंत गेली. तिथे पोलिसाने विचारलं, "तुमचं नाव यादीत आहे?"

"नाही," कुबरा म्हणाली.

"मग तुम्ही इथेच थांबा."

ती थांबली. मला सांगताना म्हणाली, "इसाबेल, सहा महिने मी त्या दारासाठी धडपडले आणि त्या दारातून मला आत जाता येईना. मला वाटलं होतं, त्या क्षणी फार वाईट वाटेल. वाटलं. पण तेवढ्यात अम्मी बाहेर आली, बोट वर धरून. शाई लवकर वाळावी म्हणून फुंकर मारत होती! मी म्हटलं, अम्मी, वाळेल आपोआप. तर म्हणते, नाय, फुसली तर?"

गल्फच्या अकरांपैकी पाच जण आले होते. हमदुल्लाचाचा पाचांत सगळ्यात शेवटी आले. मुंबईहून येताना त्यांची बस बिघडली होती. दुपारी दोनला ते पासपोर्ट छातीशी धरून होडीतून उतरले, बूट हातात. यादीच्या अगदी शेवटी परदेशातल्या मतदारांची नावं असतात, तिथे त्यांचं नाव सापडायला कर्मचाऱ्याला वेळ लागला. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांचं ते दुसरं मत. पहिलं त्यांनी गल्फला येण्याआधी, विशीत दिलं होतं.

एकशे सत्त्याण्णव मतदारांपैकी एकशे त्रेसष्ट जणांनी मत दिलं. संध्याकाळी सहाला दार बंद झालं आणि पाणी चढायची वाट बघत कर्मचारी शाळेच्या ओट्यावर बसले. आता मतदान संपलेलं, म्हणून त्यांनी मैमुनाबीचा चहा घेतला.

निकालानंतर हमदुल्लाचाचा म्हणाले होते तसंच झालं. डिसेंबरात हरलेल्या उमेदवाराचे दोन कार्यकर्ते बेटावर आले. हातात कागद. मैमुनाबीच्या अंगणात उभे राहून एक म्हणाला, "आजी, खारजुव्यातून आम्हाला फक्त एकेचाळीस. आम्ही तुमच्यासाठी एवढं केलं, आणि एकेचाळीस?"

"काय केलंत?" मैमुनाबीने विचारलं. चिडून नाही, खरंच आठवत नसल्यासारखं.

तो हातातला कागद उलटसुलट करायला लागला.

"एकेचाळीस म्हणजे थोडी नाय," ती म्हणाली. "एकेचाळीस माणसांपुरत्या तरी धक्क्याच्या पायऱ्या बांधा. दोन बांधा. आम्ही बाकीचेपण तावरनं चढू."

जिंकलेल्या आमदारांची माणसंही आली, पुढच्या महिन्यात. त्यांच्याही हातात तोच कागद होता. त्यांनी धक्क्याचे फोटो काढले, लांबी मोजली. बिलकीस घरापुढे छोटं दुकान चालवते, तिथे पाण्याची बाटली घेतली आणि तोंड वाकडं करून 'तुमच्यावाचूनही जिंकलोच' म्हणाले, तेही झालं. धक्का अजून बांधलेला नाही. पण मोजमाप घेतलेला कागद कुबराने मागून घेतला आहे, तारखेसकट.

तिने पासपोर्टच्या पत्त्यासाठी अर्ज केला. आईच्या घराच्या कागदांवर तिचं नाव घालण्यापासून सुरुवात करावी लागली. अबरारने त्यासाठी स्वतः रजा काढून दोनदा कोकणात खेप मारली. मुंब्र्याला त्याच्या आईला ते फार आवडलं नाही. "सून सासरच्या पत्त्यावरून नाव काढते," असं काहीतरी झालं. अबरारने ते कुबराला कितीतरी दिवस सांगितलंच नाही.

या जुलैत एका दुपारी ऑफिसात फोन वाजला. हमदुल्लाचाचा. नेहमीप्रमाणे स्पीकरवर.

"कुबरा, जिल्हा परिषदेच्या गटांची नवी आखणी आलीय. मी बघत होतो. खारजुव्याला कुठल्या गटात घातलंय माहितीय? खाडीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावांबरोबर! त्या गावांचा आणि आपला काय संबंध? त्यांना मासा माहीत नाही, आपल्याला काजू माहीत नाही."

"चाचा, पण मागच्या वेळी तर तुम्ही—"

"मागचं सोड. हे चुकीचं आहे. लोकांना गोळा करू का ऊद मेथात? हॉल मी सांगतो."

कुबराने माझ्याकडे बघितलं. मी आधीच खणातून कोरे कागद काढत होते.

"हरकतीची शेवटची तारीख काय आहे?" तिने विचारलं.

"सोमवार."

"म्हणजे चारच दिवस," कुबरा म्हणाली. "हॉल नको. बिलकीसमामीला सांगा, उद्या सकाळी सह्या गोळा करा आणि भरती आली की कागद घेऊन तालुक्याला निघा. मी संध्याकाळपर्यंत मजकूर पाठवते."